जपानी आवाज-अभिनेत्रीची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) आणि गेममध्ये आवाज देणाऱ्या जपानी अभिनेत्रींच्या कामाविषयी आहे. जपानीत या कलाकारांना ‘सेइयू’ म्हणतात, मग बाई असो वा पुरुष. नावं जपानी रीतीने, म्हणजे आडनाव आधी, दिली आहेत. रकमा येनमध्ये आहेत. उदाहरणादाखल हायाशिबारा मेगुमी हे नाव पुन्हा पुन्हा येईल. टीव्ही, सिनेमा, गेम, गाणी आणि रेडिओ या पाचही वाटा एकाच कारकीर्दीत दाखवायच्या तर त्यांच्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही.

सेइयू म्हणजे आपल्याकडचे डबिंग आर्टिस्टच ना?

काही अंशी. परदेशी सिनेमांचं डबिंग हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे, पण अ‍ॅनिमेत मूळ पात्रच त्यांच्या आवाजातून उभं राहतं. निवड पात्रागणिक होते, नाव श्रेयनामावलीत पात्राच्या नावासमोर येतं आणि पुढे त्या पात्राचा सिनेमा, गेम, खेळणं, जाहिरात काहीही निघालं तरी बोलावणं त्याच अभिनेत्रीला येतं. पात्र आणि माणूस यांची ही गाठ दशकानुदशकं सुटत नाही. आपल्याकडे घराघरात हिंदी बोलणारा डोरेमॉन जपानमध्ये 1979 ते 2005 ओयामा नोबुयो यांच्या आवाजात बोलला. 2005च्या एप्रिलमध्ये सगळा मुख्य संचच बदलला, तेव्हापासून तो आवाज मिझुता वासाबी यांचा आहे.

हायाशिबारा मेगुमींची वाटचाल कशी झाली?

जन्म 1967, टोकियो. नर्सिंगचं शिक्षण चालू असतानाच त्यांनी ‘आर्ट्स व्हिजन’ या एजन्सीच्या प्रशिक्षणवर्गात प्रवेश घेतला आणि दोन्ही पूर्ण केलं. परिचारिकेचा परवाना त्यांच्याकडे आहे. 1986 मध्ये ‘मेझॉन इक्कोकु’ या मालिकेत बालवाडीतली मुलं, येणारी-जाणारी माणसं अशा किरकोळ भूमिकांनी सुरुवात झाली. 1989 मध्ये ‘रान्मा ½’मधली मुलीच्या रूपातली रान्मा मिळाली आणि नाव झालं.

त्यांच्या कामाचा आवाका कळायला 1995 हे एकच वर्ष पुरेसं आहे. एप्रिलमध्ये ‘स्लेयर्स’ सुरू झाली. तिच्यातली लिना इन्व्हर्स ही तोंडाळ, खादाड, एका श्वासात लांबलचक मंत्र म्हणणारी जादूगार. ऑक्टोबरमध्ये ‘इव्हँजेलियन’ आली आणि त्यात आयानामी रेइ, जिचे संवाद मोजके, सुरात चढउतार जवळपास नाही. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत हे न सांगता ओळखणारे प्रेक्षक थोडेच होते. ‘इव्हँजेलियन’मध्ये रेइबरोबर इकारी युइ आणि पाळीव पेंग्विन पेनपेनही त्यांनीच केला.

1997 पासून ‘पोकेमॉन’मधली मुसाशी (आपल्याकडची जेसी), 1998 मध्ये ‘काउबॉय बिबॉप’ची फे व्हॅलेंटाइन, 1999 पासून ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ची हाइबारा आइ. 2006 मध्ये ‘पाप्रिका’ चित्रपटाची मुख्य भूमिका. 2024 मध्ये ‘रान्मा’ची नवी मालिका निघाली तेव्हा मूळ कलाकारांनाच परत बोलावलं. म्हणजे 35 वर्षांनी तीच किशोरवयीन मुलगी, तोच आवाज. आम्हाला विचाराल तर रेइपेक्षा ही गोष्ट मोठी.

प्रशिक्षण कुठे मिळतं? खर्च किती येतो?

मुख्य रस्ते दोन. पहिला व्यवसाय-महाविद्यालयांचा (सेन्मोन गाक्को): दोन वर्षं, आठवड्यातले चार-पाच दिवस, फी वर्षाला साधारण 10 ते 13 लाख येन. दुसरा एजन्सीला जोडलेल्या प्रशिक्षणवर्गांचा (योसेइजो): आठवड्यातून एखादा दिवस, तीनेक तास, एक ते तीन वर्षं, फी वर्षाला साधारण 2 ते 4 लाख येन. आओनी, 81 प्रोड्यूस या मोठ्या एजन्सींचे असे वर्ग आहेत. निचिनारे या नावाने ओळखली जाणारी संस्था एका नव्हे, अनेक संलग्न एजन्सींसाठी मुलं तयार करते.

बरेच जण आधी पहिला रस्ता संपवून मग दुसऱ्यावर येतात आणि तिथेच हिशेब कोलमडतो. दोन वर्षांचं महाविद्यालय संपलं की एजन्सी दारात उभी असेल असं वाटतं, प्रत्यक्षात पुन्हा योसेइजोची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर थेट योसेइजो बरा.

तिसरी वाट बालनाट्यसंस्थांची. साकामोतो माया लहानपणापासून अशा संस्थेत काम करत होत्या आणि 1996 मध्ये ‘एस्काफ्लोने’ मालिकेत नायिका म्हणून आल्या, तेव्हा त्या शाळकरी मुलगीच होत्या.

तिथे नेमकं शिकवतात काय? वेगवेगळे आवाज काढायला?

ते सगळ्यात शेवटी, आणि कधीकधी मुळीच नाही.

पहिलं वर्ष श्वास, उच्चार आणि सूर यांत जातं. पोटातून श्वास घेऊन एकाच ताकदीने आवाज वीस-तीस सेकंद टिकवणं. स्वरांचे व्यायाम. ‘उइरो-उरी’ हे काबुकी नाटकातलं औषधविक्याचं लांबलचक भाषण जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावं लागतं. दुसऱ्या इचिकावा दान्जुरोने ते 1718 मध्ये रंगभूमीवर आणलं आणि जीभ वळवण्यासाठी आजही त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही सापडलेलं नाही. मग प्रमाण टोकियो बोलीचा सूर-आघात: ‘आमे’ या शब्दाचा सूर पहिल्या अक्षरावर चढवला तर पाऊस, दुसऱ्यावर चढवला तर गोळी-चॉकलेट. ओसाका किंवा क्युशूकडच्या मुलींना इथे सगळ्यात जास्त झगडावं लागतं, कारण आपलं चुकतंय हे आपल्याच कानाला कळत नाही. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा उच्चार-आघात कोश सगळ्यांच्या पिशवीत असतो. जोडीला नाकातला ‘ग’, आणि काही ठिकाणी जवळपास न उच्चारला जाणारा ‘इ’ किंवा ‘उ’.

त्यानंतर अभिनय. उभं राहून, शरीर वापरून, समोरच्याकडे बघून. माइकचा वर्ग बहुधा दुसऱ्या वर्षी येतो. गोड आवाज घेऊन आलेल्या मुली पहिल्याच वर्षी गळतात, त्याचं कारण इथे आहे. गोड आवाज वर्गातल्या प्रत्येकीकडेच असतो. तपासलं जातं ते हे, की दिग्दर्शकाने “जरा कमी दुःखी, पण जास्त थकलेली” असं सांगितल्यावर पुढच्या टेकमध्ये फरक ऐकू येतो का.

एजन्सीत ‘घेतलं’ म्हणजे नोकरी लागली का?

नाही. सेइयू कायद्याने स्वतंत्र व्यावसायिक असते, पगार नसतो. एजन्सीत साधारण तीन पायऱ्या असतात: ‘आझुकारी’ म्हणजे तात्पुरती ठेवलेली, ‘जुन-शोझोकु’ म्हणजे अर्ध-सदस्य आणि ‘शोझोकु’ म्हणजे पूर्ण सदस्य. दरवर्षी किंवा दोन वर्षांनी आढावा होतो. ठरावीक मुदतीत काम उभं राहिलं नाही तर करार पुढे चालू ठेवत नाहीत. योसेइजोतल्या मोठ्या वर्गातून आझुकारीपर्यंत पोचणाऱ्या मोजक्या, आणि पूर्ण सदस्य होणाऱ्या त्याहून मोजक्या.

ऑडिशन कशी होते?

बहुतेक वेळा दोन टप्प्यांत. निर्मात्याकडून एजन्सीला पात्राचं चित्र, चार ओळींचं वर्णन आणि तीन-चार संवाद येतात. प्रत्येक पात्रासाठी एका एजन्सीने दोन-तीनच नावं पाठवायची अशी मर्यादा अनेकदा असते, त्यामुळे पहिली चाळण एजन्सीच्या आतच होते. मॅनेजरला जिचं नाव आठवलं नाही, तिला ऑडिशन होती हेही कळत नाही.

निवडलेल्यांचं रेकॉर्डिंग पाठवतात. त्याला आजही ‘टेप ऑडिशन’च म्हणतात, टेप जाऊन जमाना झाला तरी. सुरुवातीला एजन्सीचं नाव, आपलं नाव, पात्राचं नाव, मग संवाद. त्यातून निवडलेल्यांना स्टुडिओत बोलावतात आणि ध्वनिदिग्दर्शक, दिग्दर्शक, निर्माता, कधी मूळ कथेचे लेखक ऐकतात. स्टुडिओत एकेकीला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. बरेचदा “आता हीच ओळ या दुसऱ्या पात्रासाठी वाचा” असं सांगतात. घरून एकच ठाशीव पद्धत घोकून आलेली मुलगी तिथे अडते.

एजन्सीच्या संकेतस्थळावरचा नमुना आवाज (व्हॉइस सॅम्पल) वेगळा. तो दोन-तीन मिनिटांचा असतो, प्रत्येक तुकडा 15 ते 30 सेकंद, आणि सगळ्यात सहज जमणारा आवाज पहिला ठेवायचा. ऐकणारे पहिले काही सेकंद ऐकून पुढे जातात.

टीव्ही मालिकेच्या रेकॉर्डिंगचा दिवस कसा असतो?

चित्र आधी, आवाज नंतर अशा या पद्धतीला ‘आफुरेको’ म्हणतात. ठरलेल्या दोन वेळा: सकाळी 10 ते दुपारी 3, नाहीतर दुपारी 4 ते रात्री 9. जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा भाग साधारण एका सत्रात संपतो.

संहिता आणि व्हिडिओ काही दिवस आधी मिळतात. घरी व्हिडिओ थांबवत थांबवत प्रत्येक संवादाची सुरुवात कोणत्या सेकंदाला आहे ते संहितेत लिहायचं, श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण करायची, पान कुठे उलटायचं ते ठरवायचं. संहिता उभ्या जपानी ओळींची असते: वरच्या भागात दृश्याचं वर्णन, खालच्या भागात संवाद.

स्टुडिओत कोणत्याही वेळी पोचलात तरी अभिवादन ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे सुप्रभात. संध्याकाळी चार वाजतासुद्धा. आत समोर पडदे, त्यांच्यापुढे ओळीने तीन-चार माइक आणि मागे भिंतीला लागून बाकं. मुख्य भूमिकावाले मध्ये, नवख्या दाराजवळ. जाड ध्वनिरोधक दार उघडण्या-लावण्याचं काम त्यांचंच.

आधी अर्ध्या भागाची तालीम होते. मग दिग्दर्शकाच्या सूचना काचेपलीकडून स्पीकरवर येतात, पुन्हा एकदा शेवटची तालीम, आणि लाल दिवा लागला की ‘होनबान’, म्हणजे खरा टेक. चुकलेल्या जागा नंतर सुट्या घेतात. दोन पात्रं एकाच वेळी बोलत असतील तर एकीला थांबवून तिचा संवाद वेगळा मुद्रित करतात. शेवटी उरतो तो ‘गाया’, बाजारातली, वर्गातली, रस्त्यावरची गर्दी. संहितेत तिथे फक्त ‘गजबजाट’ लिहिलेलं असतं, शब्द ज्याचे त्याने तयार करायचे. नवख्या मुलींना दिग्दर्शक ओळखू लागतात ते बहुतेक वेळा याच गर्दीतून: कथेचा काळ आणि जागा यांना धरून बोलणारी, आणि मुख्य पात्रांचं नाव चुकूनही न घेणारी मुलगी लक्षात राहते.

2020 च्या साथीनंतर एका वेळी तीन-चारच जणांना आत घेऊ लागले. काही ठिकाणी ती पद्धत अजून टिकून आहे. समोरच्याची वाक्यं कानावर न पडता उत्तर द्यायचं, आणि दारामागच्या बाकावर बसून ज्येष्ठांना बघण्याची सोय गेली. नव्या पिढीचं यात खरं नुकसान झालं.

चित्र पूर्ण नसतं असं ऐकलंय. मग ओठ कसे जुळवतात?

बरेचदा नसतंच. पडद्यावर पेन्सिलची रेखाटनं किंवा नुसता स्टोरीबोर्ड हलत असतो. पात्र बोलायला लागलं की त्याचं नाव एका पट्टीत उमटतं, संवादाची वेळ संपली की नाहीसं होतं. या पट्टीला ‘बोल्ड’ म्हणतात. ती दिसतेय तेवढ्यात वाक्य बसवायचं.

टीव्ही अ‍ॅनिमेत तोंडाच्या हालचाली साधारण तीनच आकारांत काढतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. त्यामुळे प्रत्येक अक्षरागणिक ओठ जुळवायची गरज नसते, सुरुवात, मधला विराम आणि शेवट जुळला की डोळ्याला पटतं. मात्र पट्टीवर नजर खिळली की अभिनय सपाट होतो. म्हणून घरी खुणा करताना वेळेबरोबर वाक्याचा वेगही पाठ करायचा असतो.

नवख्यांचं सगळ्यात जास्त काय चुकतं?

अभिनयापेक्षा आवाजाबाहेरचे आवाज. पान उलटल्याची सळसळ, नायलॉनच्या जॅकेटची कुरकुर, बांगडी, कानातलं, टाचांचा टकटकाट आणि पोटातली गुरगुर. म्हणून सुती कपडे, मऊ तळव्याचे बूट, दागिने नाहीत, आणि रेकॉर्डिंगआधी थोडंतरी खाल्लेलं. संहिता तोंडासमोर न धरता माइकच्या बाजूला, एका हातात धरतात. दोन्ही पानं ओलांडणारा संवाद असेल तर पुढच्या पानावरच्या ओळी आधीच्या पानाच्या कोपऱ्यात उतरवून घेतात.

दुसरी अडचण माइकच्या रांगेची. दृश्यात दहा पात्रं आणि माइक चार. कोण कुठल्या माइकवर येणार आणि कधी मागे सरकणार हे कुणी सांगत नाही, तालमीत बघून समजून घ्यायचं. उंच अभिनेत्याच्या माइकवर बुटकी मुलगी गेली तर तिचा आवाज खालून जातो, म्हणून आपल्या उंचीचा माइक कोणता ते आधीच हेरून ठेवायचं. ‘प’ आणि ‘ह’चा फुंकर माइकवर आदळला तर टेक वाया जातो. तोंड किंचित तिरकं ठेवल्याने तो टळतो. तोंड कोरडं पडलं किंवा गोड खाल्लं की जिभेचे चटक-चटक आवाज येतात. त्याला साधं, कोमट पाणी थोडं थोडं पीत राहणं एवढाच उपाय.

गेमचं काम वेगळं असतं का?

फारच. इथे बहुतेक वेळा अभिनेत्री बूथमध्ये एकटी असते. चित्र नसतं, हलणारे ओठ नसतात. हातात तक्त्यासारखी संहिता: फाइल क्रमांक, संवाद, प्रसंग, कोणाशी बोलतेय, किती लांबून. मोबाइल गेममधल्या एका पात्राचे संवाद काही डझनांपासून शंभरेकपर्यंत असतात. मोठ्या रोल-प्लेइंग गेमच्या मुख्य पात्राचे हजारांत जातात आणि ते अनेक दिवसांत वाटून घेतात. एक सत्र दोन ते चार तासांचं.

संवादांखेरीज नुसते आवाज: छोटा वार, मध्यम वार, मोठा वार, प्रत्येकाचे दोन-तीन प्रकार, मार लागणं, उडी, दम लागणं, मरण. हे सगळं सत्राच्या शेवटी ठेवतात, कारण किंचाळून घसा बसला की शांत संवाद परत घेता येत नाहीत. क्रम उलटा लागला असेल तर मॅनेजरमार्फत तो बदलायला सांगणं यात गैर काही नाही.

चुका कुठे होतात? पहिली जागा ताकदीची. समोरचं पात्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या अभिनेत्याने रेकॉर्ड केलेलं असतं. एकाने रणांगणावर ओरडून विचारलेलं आणि दुसरीने चहाच्या टपरीवर बोलावं तसं उत्तर दिलेलं, असं व्हायला नको म्हणून आधी झालेला आवाज मागून ऐकायचा. दुसरी जागा काल्पनिक नावांची. गावाचं, तलवारीचं, मंत्राचं नाव कोणत्या अक्षरावर चढतं हे कोशात नसतं. जिचं रेकॉर्डिंग पहिलं, तिने म्हटलेला सूर बहुधा पक्का होतो आणि पुढच्या सगळ्यांना तोच ऐकवतात. तिसरी जागा सातत्याची. तीन वर्षांपूर्वीच्या पात्राचे नवे संवाद घ्यायचे असतील तर सुरू करण्याआधी जुन्या फाइली ऐकून आवाज तिथे आणावा लागतो.

गेमने या धंद्याला काय दिलं ते तारखांतून दिसतं. ‘तोकिमेकी मेमोरियल’ 1994, ‘साकुरा ताइसेन’ 1996, ‘द आयडॉलमास्टर’ 2005. ‘साकुरा ताइसेन’च्या अभिनेत्री 1997 पासून त्याच पात्रांच्या वेशात रंगमंचावर गाऊ-नाचू लागल्या. आजच्या सेइयूकडून गाण्याची आणि नाचाची अपेक्षा का असते याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पैसे किती मिळतात?

टीव्ही मालिकेसाठी जपान अभिनेता महासंघाच्या नियमांनुसार दर्जाप्रमाणे दर ठरतो. सगळ्यात खालचा ‘ज्युनिअर’ दर्जा: अर्ध्या तासाच्या एका भागाला 15,000 येन, रुपयांत आठ-नऊ हजारांच्या आसपास. वरचा दर्जा 45,000 पर्यंत जातो, त्यापुढे दर बोलणीने. रक्कम भागाला आहे, संवादांना नाही. एक ओळ बोला नाहीतर दोनशे, त्याच दर्जाला तेवढेच पैसे.

हातात येतात ते आणखी कमी. एजन्सीचा वाटा 20 ते 30 टक्के, मग 10.21 टक्के करकपात. म्हणजे 15,000 मधले साधारण 9,400 ते 10,800 उरतात. महिन्याला चार भागांची एक मालिका मिळाली तरी टोकियोतल्या छोट्या खोलीचं भाडं कसंबसं निघतं.

गंमत पुढेच आहे. साधारण तीन वर्षांनी ज्युनिअर दर्जा संपतो, दर वाढतो आणि पुनर्वापराची रक्कमही जोडली जाऊ लागते. त्याच क्षणी निर्मात्याला ती महाग पडू लागते. छोट्या भूमिकांसाठी तिच्याऐवजी नवी ज्युनिअर बोलावली जाते. बऱ्याच कारकीर्दी इथेच थांबतात, पहिल्या वर्षी नाही.

गेमचा दर वेगळा ठरतो, कधी शब्दसंख्येवर, कधी तासावर. जाहिरात आणि निवेदन यांत त्यापेक्षा बरे पैसे असतात, म्हणूनच चाहत्यांना नावही माहीत नसलेल्या काही निवेदिका नायिकांपेक्षा सुखात असतात.

मग बाकीच्या जगतात कशा?

दुसरं काम करून. कॉल सेंटर, दुकानातली रात्रपाळी, जिथे पाळी बदलून मिळते असं काहीही, कारण ऑडिशन एक-दोन दिवस आधी कळते. 2022 मध्ये ‘व्हॉइक्शन’ या सेइयूंच्या गटाने केलेल्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश जणांचं या कामातलं वार्षिक उत्पन्न 30 लाख येनपेक्षा जास्त नव्हतं. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या नव्या बिलपद्धतीला त्या गटाचा विरोध होता. वर्षाला एक कोटी येनपेक्षा कमी कमावणाऱ्यांना आधी उपभोगकर भरावा लागत नसे. आता नोंदणी केली तर कर भरायचा, नाही केली तर काम देणारा काचकूच करणार. नोव्हेंबर 2024 पासूनच्या फ्रीलान्स कायद्याने मात्र अटी लेखी देणं आणि काम करून दिल्यापासून 60 दिवसांत पैसे देणं बंधनकारक केलं, तेवढा दिलासा.

1973 मध्ये दरवाढीसाठी सेइयूंनी रस्त्यावर येऊन निदर्शनं केली होती. आजची दरपत्रकं त्या लढ्याच्याच वंशातली.

गाणं आलंच पाहिजे का?

नियम नाही, पण नव्या मुलीला विचारतात. हायाशिबारा यांनी 1990 च्या दशकात स्वतःच्याच मालिकांची शीर्षकगीतं गायली, ‘गिव्ह अ रीझन’ त्यांतलं गाजलेलं. 1992 पासून त्यांचा ‘टोकियो बूगी नाइट’ हा रेडिओ कार्यक्रम चालू आहे. मिझुकी नाना यांनी तर गायनात वेगळीच उंची गाठली. 2009 मध्ये एनएचकेच्या वर्षअखेरच्या ‘कोहाकु’ कार्यक्रमात सेइयू म्हणून पहिल्यांदा त्या गायल्या आणि 2011 मध्ये टोकियो डोममध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. ‘लव्ह लाइव्ह’ या गायिका-मुलींवरच्या अ‍ॅनिमेच्या नऊ अभिनेत्री त्याच डोममध्ये 2016 ला पोचल्या.

चेहरा, वय, समाजमाध्यमं यांचं ओझं वाढलं ते याच वाटेने. अभिनयाची कुवत असूनही नाचाच्या चाचणीत मागे पडणाऱ्या मुली आहेत. आमच्या मते हे या धंद्याचं दुखणं आहे.

लहान मुलांचे आवाज बायकाच का देतात?

मुलाचा आवाज बारा-तेराव्या वर्षी फुटतो, मालिका तर वीस वर्षं चालते. शिवाय शाळा आणि बालकामगार कायदा यांमुळे मुलांना स्टुडिओत हवं तेव्हा बोलावता येत नाही. 1963 च्या ‘तेत्सुवान आतोमु’ (अ‍ॅस्ट्रो बॉय) मालिकेत शिमिझु मारी यांनी अ‍ॅटम हा यंत्रमुलगा केला तेव्हापासून ही रीत रुळली. नोझावा मासाको (जन्म 1936) 1986 पासून ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू करत आहेत, आणि त्याच्या मुलांचे आवाजही त्यांचेच. गेममध्ये एकच पात्र सर्वाधिक काळ साकारल्याबद्दल 2017 मध्ये त्यांची गिनीज नोंद झाली. तानाका मायुमी 1999 पासून ‘वन पीस’चा नायक लुफी आहेत.

एक पात्र आयुष्यभर करता येतं का? कधी सोडतात?

घसा साथ देईल तोवर. ‘शिनचॅन’च्या याजिमा आकिको यांनी 1992 पासून तो आवाज दिला आणि 2018 मध्ये थांबल्या. पात्र सहज बोलायच्या जागी आवाज घडवण्याकडेच लक्ष जाऊ लागलं, हे त्यांनी दिलेलं कारण. त्यांच्या जागी कोबायाशी युमिको आल्या. सराईत कान असा फरक ऐकतात: वाक्याचा शेवट गळतो, हसणं आखूड होतं, वरच्या पट्टीतला शब्द टाळून अ‍ॅडलिब (आयत्या वेळी घातलेले शब्द) बदलतं.

घशाची काळजी कशी घेतात?

खोलीत आर्द्रतायंत्र, झोपताना मास्क, पुरेशी झोप. किंचाळायचे प्रसंग असलेल्या दिवसानंतर शक्य तेवढं मौन. कुजबुजणंही टाळतात, त्याने स्वरतंतूंवर उलट ताण येतो. आवाज दोन आठवड्यांत परत आला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यायची. स्वरतंतूंवरच्या गाठी सुरुवातीला विश्रांतीने आणि आवाजोपचाराने बऱ्या होतात. दुखणं दाबून काम चालू ठेवलं तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम जाईल का?

काही भाग गेलाच आहे, मुख्यतः घोषणा आणि साधं निवेदन. अ‍ॅनिमेबाबत वाद परवानगीचा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये 26 सेइयूंनी एकत्र येऊन विनापरवाना आवाज तयार करण्याविरुद्ध मोहीम सुरू केली. नव्या करारावर सही करताना मुद्रित आवाज कशासाठी वापरणार आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरणार का, हे लेखी मागायला आता नवख्याही शिकल्या आहेत.

पुण्या-मुंबईतल्या मुलीला हे जमेल का?

अशक्य नाही, परदेशी माणसं तिथे पोचली आहेत. रशियाच्या जेन्या आणि चीनच्या ल्यू चिंगलुओ जपानमध्ये सेइयू म्हणून काम करतात. पण दोघींचंही जपानी परकं वाटत नाही, ही पहिली अट.

क्रम असा धरावा. इथे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन2 पातळीपर्यंत जपानी (एन1 सगळ्यात वरची). ही परीक्षा पुण्यात आणि मुंबईत जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे चांगले शिक्षक मिळतात. मात्र एन1 झालं तरी सूर-आघाताचा या परीक्षांशी संबंध नाही, त्यावर वेगळी मेहनत लागते: रोज बातम्यांतली दोन मिनिटं ऐकून, मागोमाग म्हणून, स्वतःचं रेकॉर्डिंग मूळाशी ताडून बघायचं. नंतर तिथल्या भाषाशाळेत किंवा दोन वर्षांच्या व्यवसाय-महाविद्यालयात प्रवेश. विद्यार्थी व्हिसा त्यावर मिळतो. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या योसेइजोवर तो मिळत नाही, इथे पुष्कळ जण फसतात. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 28 तासच काम करता येतं, तेही परवानगी काढून. शिक्षण संपल्यावर अभिनयाच्या कमाईवर व्हिसा मिळवायला एजन्सीचा पक्का करार आणि दाखवण्याजोगं उत्पन्न लागतं. वर दिलेले आकडे बघता पहिल्या वर्षांत ते कठीण आहे. म्हणून बरेच जण अनुवाद किंवा कार्यालयीन नोकरीच्या व्हिसावर राहतात, पण त्या व्हिसावर मानधन घेऊन आवाज द्यायचा असेल तर वेगळी परवानगी आधी काढावी लागते.

आणि मुंबईतल्या डबिंगमध्ये?

तिथे जपानीची गरज नाही. हेडफोनवर मूळ आवाज ऐकत, बहुधा एकटीने, तुकड्या-तुकड्याने हिंदी किंवा मराठी संवाद बसवायचे असतात. शिनचॅन-डोरेमॉनवर वाढलेल्या मुलीला अ‍ॅनिमेतच काम करायचं असेल आणि देश सोडायचा नसेल, तर अंधेरीच्या स्टुडिओंचा रस्ता जवळचा आहे. उच्चार, श्वास आणि माइकसमोर हलकेच सरकणं यांचा वर सांगितलेला सराव तिथेही जसाच्या तसा लागतो.